फ्लोरिडातली दुसरी फेरी

अमेरिकेत गव्हर्नरच्या निवडणुका जवळ आल्या की तिकडच्या आपल्या मुलाबाळांच्या बोलण्यात ‘प्रायमरी’ हा शब्द वारंवार येऊ लागतो. कोण पुढे, कोण मागे, कुणाला किती टक्के. आमच्या घरातही हे होतं. मी नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ‘पुढे कोण?’ हा नसतो. मी विचारते, ‘मोजणार कसं?’ हा प्रश्न ऐकला की समोरचा जरा कंटाळतो. पण मला त्यातच गंमत वाटते, आणि ती गंमत का वाटते ते आज सविस्तर सांगणार आहे.

आधी थोडी उजळणी. त्यांचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. त्यांचा गव्हर्नर लोक निवडून देतात आणि राज्याचा कारभार खरोखर तोच चालवतो. अधिकाराच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. दुसरी गोष्ट, पक्षाचं तिकीट. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात. ए-बी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यासाठी शेवटच्या रात्रीपर्यंत जागरणं होतात. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी एक निवडणूक होते, तिच्यात सामान्य मतदार मत देतात. ती प्रायमरी. तिला उभं राहायला श्रेष्ठींची परवानगी लागत नाही, म्हणून कधी कधी सात-आठ जण उभे राहतात. कधी त्याहूनही जास्त.

आता सात जण उभे असले तर पहिल्या नंबरला येणाऱ्याला किती मतं पडतील? पस्तीस टक्के पडली तरी पुष्कळ. म्हणजे पासष्ट टक्के लोकांना दुसरंच कुणी हवं होतं. मग तो विजयी म्हणायचा का? काही राज्यं म्हणतात, हो, सर्वांत जास्त मतं त्याची. काही म्हणतात, नाही, पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्या. या एका फरकाने किती माणसांची नशिबं बदलली हे पाहायचं असेल तर फ्लोरिडाचा इतिहास वाचावा.

फ्लोरिडा हे दक्षिणेतलं राज्य. यादवी युद्धानंतरच्या काही वर्षांनी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची जी पकड बसली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. रिपब्लिकन उमेदवार नोव्हेंबरात नावापुरता उभा असे. त्यामुळे खरी निवडणूक म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी. आणि एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. या प्रायमऱ्या ‘गोऱ्यांच्या’ होत्या. काळ्या नागरिकांना त्यात मत नव्हतं. १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या एका खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. तोवर ज्या निवडणुकीला अर्थ होता तिच्यात त्यांना जागा नव्हती, आणि जिच्यात जागा असू शकत होती तिला अर्थ नव्हता.

विरोधी पक्ष नसला की एकाच पक्षात गर्दी होते. (आपल्याकडे साठीच्या दशकातली काँग्रेस आठवा.) व्ही. ओ. की नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९४९ साली दक्षिणेच्या राजकारणावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या फ्लोरिडावरच्या प्रकरणाला त्यांनी ‘ज्याचा तो’ अशा अर्थाचं नाव दिलं आहे. नाव अगदी बरोबर आहे. १९३६ च्या प्रायमरीत गव्हर्नरपदासाठी चौदा जण उभे होते. पहिल्या आलेल्या रॅले पेटवे यांना जेमतेम सोळा टक्के. दुसरे फ्रेड कोन, चौदा टक्के. तिसरेही चौदाच्याच घरात, कोन यांच्यापेक्षा थोडक्यात मागे. दुसऱ्या फेरीत कोन जिंकले आणि गव्हर्नर झाले. म्हणजे पहिल्या खेपेला शंभरातल्या शहाऐंशी लोकांनी ज्यांना मत दिलं नव्हतं ते.

पण दुसरी फेरी फ्लोरिडात नेहमीच नव्हती. १९१३ च्या कायद्याने तिथे आणखी एक पद्धत आली होती. मतपत्रिकेवर पहिली पसंती लिहायची आणि दुसरीही लिहायची. कुणाला बहुमत नसेल तर पहिल्या दोघांच्या खात्यात त्यांना मिळालेल्या दुसऱ्या पसंतीची मतं मिळवायची.

हे वाचलं तेव्हा मला आपला शिक्षक मतदारसंघ आठवला. विधान परिषदेच्या या निवडणुकीत मी मत दिलेलं आहे. तिथे शिक्का मारायचा नसतो, बटणही दाबायचं नसतं. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनाने नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. दुसऱ्या पेनने लिहिलं तर मत बाद. आयुष्यभर मुलांना ‘निळ्या शाईनेच लिहा’ म्हणून दरडावणाऱ्या शिक्षकांच्या हातात जांभळा स्केचपेन, हा मला नेहमी योग्य न्याय वाटत आला आहे! तर तिथेही कित्येक जण फक्त १ लिहून बाहेर येतात. दुसरी पसंती लिहिली तर आपल्या माणसाचं नुकसान होईल अशी एक भीती असते. ती खोटी आहे. आपला पहिल्या पसंतीचा उमेदवार स्पर्धेत आहे तोवर दुसरी पसंती कुणी पाहतही नाही. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीवर नव्हे, तर पुढच्या पसंतीची मतं मोजल्यावर निवडून आले. तेव्हा ही गोष्ट पेपरातून सगळ्यांनी वाचली होती, तरी भीती गेली नाही.

फ्लोरिडातही तेच झालं. पुष्कळ मतदारांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही. १९१६ साली सिडनी कॅट्स नावाचे एक बाप्टिस्ट धर्मोपदेशक उभे राहिले. विम्याचा धंदाही करत. अलाबामातून आलेले, बोलण्यात जहाल, कॅथलिकांच्या विरोधात आग ओकणारे. प्रस्थापितांना त्यांची हेटाळणी करण्यापलीकडे काही सुचलं नाही, आणि पहिल्या मोजणीत तेच पुढे! मग प्रकरण न्यायालयात गेलं, फेरमोजणी झाली, आणि प्रतिस्पर्धी विल्यम नॉट एकवीस मतांनी विजयी ठरले. एकवीस! लोकांना वाटलं, यांच्याकडून जिंकलेलं हिसकावून घेतलं. कॅट्स मद्यपानबंदीवाल्या प्रोहिबिशन पक्षाच्या तिकिटावर नोव्हेंबरात उभे राहिले आणि निवडून आले. माणूस मला मुळीच आवडत नाही. पण मोजणीची रीत लोकांना कळली नाही किंवा पटली नाही तर काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

ती पद्धत पुढे रद्द झाली आणि १९३२ पासून सरळ दुसरी फेरी आली. पहिल्या प्रायमरीनंतर काही आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. आणि मग एक विलक्षण गोष्ट दिसू लागते. पहिल्याच वर्षी, १९३२ मध्ये, पहिल्या फेरीत दुसरे आलेले डेव्ह शोल्ट्झ जिंकले. १९३६ चं वर सांगितलंच. १९५४, १९६६, १९७०, १९७८, या प्रत्येक वर्षी पहिल्या फेरीत पुढे असलेला माणूस दुसऱ्या फेरीत पडला. नेहमीच असं झालं असं नाही, पण इतक्यांदा झालं की ‘पुढे कोण?’ या प्रश्नाला फ्लोरिडात फारसा अर्थ उरला नव्हता.

यातली दोन वर्षं जरा थांबून पाहण्यासारखी आहेत.

१९५४. गव्हर्नर मॅकार्टी पदावर असताना १९५३ मध्ये वारले. राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष चार्ली जॉन्स यांच्याकडे हंगामी कारभार आला, आणि उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक झाली. पहिल्या फेरीत जॉन्स पहिले, लिरॉय कॉलिन्स दुसरे, ब्रेली ओडम तिसरे. जॉन्स जुन्या खेडवळ उत्तर फ्लोरिडाचे पुढारी, कॉलिन्स त्या मानाने सुधारक. दुसऱ्या फेरीआधी मायामीत दोघांची टीव्हीवर वादसभा ठरली. सभा चालू असताना कॉलिन्स यांनी एक वर्तमानपत्र काढलं. दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा, आदल्या संध्याकाळीच बाजारात आलेला अंक. त्यात जॉन्स यांच्या बाजूने जाहिरात होती की ‘काल रात्रीच्या’ वादसभेत जॉन्स यांनी बाजी मारली! सभा तर अजून संपायची होती. कॉलिन्स यांनी ती जाहिरात तिथेच वाचून दाखवली. वर्गात कॉपी पकडल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, त्यामुळे जॉन्स यांचा चेहरा मी सहज डोळ्यांपुढे आणू शकते.

दुसऱ्या फेरीचं मतदान २५ मे १९५४ ला झालं. त्याच्या आठच दिवस आधी, १७ मे रोजी, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘ब्राउन’ निकाल लागला होता. कॉलिन्स जिंकले. दक्षिणेतल्या इतर राज्यांत गव्हर्नर शाळेच्या दारात आडवे उभे राहण्याची भाषा करत होते त्या काळात फ्लोरिडाला तुलनेने समंजस माणूस मिळाला. जॉन्स पुढे सिनेटमध्ये एका चौकशी समितीचे प्रमुख झाले आणि त्या समितीने नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचा आणि विद्यापीठांतल्या शिक्षकांचा जो छळ केला तो वाचवत नाही. एकच फेरी असती तर जॉन्स गव्हर्नर झाले असते.

आता १९७८. माझं सर्वांत आवडतं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत सात उमेदवार होते. ॲटर्नी जनरल रॉबर्ट शेविन सर्वांत प्रसिद्ध. शिवाय लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, जॅक्सनव्हिलचे महापौर. आणि क्लॉड कर्क, जे आधी रिपब्लिकन गव्हर्नर होते आणि आता पक्ष बदलून इकडे आले होते. (आयाराम-गयाराम फक्त हरियाणातच होत नाहीत.) या सगळ्यांत मायामीकडचे एक राज्य सिनेटर, बॉब ग्रॅहम. दुग्धव्यवसाय आणि जमिनी असलेल्या सधन घरातले, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले. राज्यभर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

त्यांची कल्पना अशी की शंभर दिवस शंभर वेगवेगळी कामं करायची. पोलीस, बांधकामावरचा मजूर, कारखान्यातला कामगार, समुद्रातले स्पंज काढणारा, हॉटेलात टेबलं पुसणारा. एक अख्खा दिवस, बाकीच्या कामगारांसारखा. ही कल्पना कुठून आली ते मुद्दाम सांगते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने ग्रॅहम यांना ऐकवलं होतं की शिक्षण समितीवर बसलेल्यांना वर्गात काय चालतं याचा काही अनुभवच नाही. ग्रॅहम यांनी ते मनावर घेतलं आणि १९७४ मध्ये मायामीच्या कॅरोल सिटी हायस्कूलमध्ये एक सत्रभर शिकवलं. विषय कोणता? नागरिकशास्त्र! आमच्याकडे इतिहासाच्या पेपराला शेपटासारखा चिकटलेला, ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय. त्या विषयाने एक गव्हर्नर घडवला असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल, पण म्हणणार.

पहिल्या फेरीत, सप्टेंबरात, शेविन यांना सुमारे पस्तीस टक्के आणि ग्रॅहम यांना सुमारे पंचवीस. दहा टक्क्यांचं अंतर. उरलेल्या पाच जणांत चाळीस टक्के वाटले गेले. त्या रात्री नुसता आकडा पाहणारा म्हणाला असता, झालं, शेविन. पण ऑक्टोबरात दुसरी फेरी झाली तेव्हा शेविन ३ लाख ६५ हजारांवरून ४ लाख १८ हजारांवर गेले आणि ग्रॅहम २ लाख ६२ हजारांवरून ४ लाख ८२ हजारांवर. म्हणजे शेविन ज्यांना हवे होते त्यांना पहिल्यापासून हवे होते, बाकीच्यांना ते नको होते. ग्रॅहम मात्र अनेकांची दुसरी निवड होते, आणि दुसरी निवड मोजायची सोय त्या राज्यात होती. नोव्हेंबरात ते गव्हर्नर झाले, दोनदा झाले, नंतर अठरा वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. एका दिवसाची नोकरी करण्याचा प्रघात त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवला.

इथे थांबले तर दुसरी फेरी म्हणजे सज्जनांना वर काढणारं यंत्र असं वाटेल. तसं नाही. शेजारच्या जॉर्जियात १९६६ साली माजी गव्हर्नर एलिस आर्नल पहिले आले होते, उदारमतवादी माणूस. दुसरे लेस्टर मॅडॉक्स, ज्यांनी आपल्या उपाहारगृहात काळ्या गिऱ्हाइकांना येऊ दिलं नाही आणि त्याच जोरावर नाव कमावलं. तिसऱ्या क्रमांकावर जिमी कार्टर, हो, तेच. दुसऱ्या फेरीत मॅडॉक्स जिंकले आणि शेवटी गव्हर्नर झाले. आणि १९८४ मध्ये जेसी जॅक्सन यांनी दुसऱ्या फेरीविरुद्ध मोहीमच उघडली. त्यांचं म्हणणं होतं, गोऱ्यांची मतं विभागली की काळा उमेदवार पहिला येतो, आणि दुसऱ्या फेरीत सगळे गोरे एक होऊन त्याला पाडतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बहुमत कुणाचं हे मोजताना, ते बहुमत कशासाठी एकत्र येतं हेही पाहावं लागतं.

फ्लोरिडातली दुसरी फेरी मात्र अशा कुठल्या तात्त्विक कारणाने गेली नाही. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या मतपत्रिकांचा जो गोंधळ जगाने पाहिला, त्यानंतर २००१ मध्ये निवडणूक कायदा दुरुस्त झाला. नवी यंत्रं यायची होती, आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा लागोपाठ तीन निवडणुका अधिकाऱ्यांना जड जात होत्या. दुसरी फेरी आधी तात्पुरती स्थगित झाली आणि २००५ मध्ये कायमची रद्द. तात्पुरतं म्हणून जे जातं ते परत येत नाही, हे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाबाबत मी पाहिलेलं आहे.

लगेच २००२ मध्ये प्रत्यय आला. माजी ॲटर्नी जनरल जॅनेट रिनो, आपल्या लाल पिकअप ट्रकमधून राज्यभर फिरणाऱ्या, आणि वकील बिल मॅकब्राइड. दोघांनाही चव्वेचाळीस-चव्वेचाळीस टक्के, अंतर पाच हजार मतांहूनही कमी. तिसरे डॅरिल जोन्स, त्यांना अकरा-बारा टक्के. आधीच्या कायद्याने दुसरी फेरी झालीच असती. झाली नाही. मॅकब्राइड उमेदवार झाले आणि नोव्हेंबरात जेब बुश यांच्याकडून हरले.

आणि मग २०१८. ग्वेन ग्रॅहम, बॉब ग्रॅहम यांची मुलगी. वडील निवडून आले तेव्हा पंधरा वर्षांची होती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक मुदत काम करून ती आता गव्हर्नरपदासाठी उभी होती. वडिलांसारखीच एकेक दिवस लोकांची कामं करत फिरली. याही वेळी मतपत्रिकेवर सात नावं. मायामी बीचचे माजी महापौर फिलिप लेव्हीन आणि धनाढ्य जेफ ग्रीन, दोघांनीही स्वतःचा पैसा ओतलेला. ऑर्लँडोचे उद्योजक क्रिस किंग. आणि टॅलहासीचे महापौर अँड्र्यू गिलम, काळे, तरुण, फर्डे वक्ते. सर्वेक्षणांत ग्वेन पुढे आणि गिलम बरेच मागे दिसत. निकाल लागला तो असा: गिलम ३४ टक्के, ग्वेन ३१, लेव्हीन २०, ग्रीन १०.

वडील पंचवीस टक्क्यांवर दुसरे आले होते आणि गव्हर्नर झाले. मुलगी एकतीस टक्क्यांवर दुसरी आली आणि घरी गेली.

दुसरी फेरी झाली असती तर ग्वेन जिंकली असती का? मला तसं खात्रीने म्हणवत नाही. गिलम यांच्या मागचा उत्साह खरा होता, आणि शेवटच्या दिवसांत वारं त्यांच्याच बाजूने होतं. लेव्हीन आणि ग्रीन यांचे मतदार बहुतेक मध्यममार्गी, ते ग्वेनकडे गेले असते असा हिशेब मांडता येतो. पण त्यातले किती जण पुन्हा मतदानाला आले असते? आणि जॅक्सन यांचा मुद्दा इथे पुढ्यात येऊन बसतो. फ्लोरिडाच्या इतिहासात प्रथमच एका मोठ्या पक्षाने काळ्या माणसाला गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली, ती दुसरी फेरी नव्हती म्हणून तर मिळाली नसेल? ज्या राज्यात १९४४ पर्यंत प्रायमरीच गोऱ्यांची होती तिथे हे थोडं नाही. नोव्हेंबरात गिलम रॉन डिसँटिस यांच्याकडून सुमारे ३२ हजार मतांनी हरले, ऐंशी लाखांहून अधिक मतांमध्ये. ग्वेन असती तर, हा खेळ डेमोक्रॅट मंडळी नंतर खूप दिवस खेळत बसली.

मला स्वतःला विचाराल तर जांभळा स्केचपेन बरा. त्याच उन्हाळ्यात, जून २०१८ मध्ये, मेन या छोट्या राज्याने प्रायमरीत तो वापरला, म्हणजे पसंतीक्रमाची पद्धत. तिथेही डेमोक्रॅटिक पक्षाचे सात उमेदवार होते. जॅनेट मिल्स पहिल्या मोजणीत तेहतीस टक्क्यांवर होत्या. खालच्यांना वगळत, त्यांची मतं वाटत गेल्यावर त्या चोपन्न टक्क्यांवर पोचल्या. निकाल लागायला आठवडाभर लागला. पण पुन्हा मतदानाचा खर्च नाही, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी ‘चालेल’ म्हटलेलं.

आपल्या मराठी माणसाचाही यात एक धडा आहे. बेळगावचे श्री ठाणेदार, ज्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं आहे, त्याच २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उभे होते. स्वतःचे एक कोटी डॉलर खर्च केले आणि सुमारे अठरा टक्क्यांवर तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर यांना बावन्न टक्के होते, तिथे कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी काही फरक पडला नसता. पण २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले तेव्हा प्रायमरीत नऊ जण होते. काळ्या मतदारांची मतं अनेकांत विभागली आणि ठाणेदार अठ्ठावीस टक्क्यांवर जिंकले. आपल्याकडे पेढे वाटले गेले असतील, आणि आनंद मलाही झाला. डेट्रॉइटमध्ये मात्र जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच शहराला काळा प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या लोकांना दुसरी फेरी हवीशी वाटली असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा?

बॉब ग्रॅहम एप्रिल २०२४ मध्ये गेले, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी. ग्वेन २०१८ नंतर पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभी राहिली नाही. बायडन यांच्या कारकिर्दीत तिला वॉशिंग्टनमध्ये सहायक सचिवाचं पद मिळालं. खातं होतं शिक्षण.